सायकलच्या दुकानाला बाईचं नाव

मी जात्याच संशयी. दूधवाल्यानं कधी माप काठोकाठ भरलं, तर आज याला झालंय काय, असं म्हणत मी दूध दोनदा निरखायची. तेव्हा नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात नगरपालिकेचा कागद सापडल्यावर मी तो वाचला नसता तरच नवल.

पनवेलच्या बाजारात आमचं सायकली भाड्यानं द्यायचं दुकान उघडायचं होतं. नव्या कायद्यानं दुकानाची नोंदणी करावी लागे. कागदावर मालकाच्या रकान्यात यांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. दुकानाच्या रकान्यात मात्र एका बाईचं नाव आणि पुढे 'सायकल मार्ट'. ते नाव माझं नव्हतं. आमच्या घरात, नात्यात, आळीत त्या नावाची कुणीच नव्हती. मी बोटांवर मोजून पाहिलं.

विचारलं, तर म्हणाले, ठेवलं असंच, काहीतरी नाव हवंच ना. असंच? ज्या माणसानं हवा भरायचा एक पंप घेताना तीन दुकानं पालथी घातली, तो नाव असंच ठेवील? लग्नाआधी दोन वर्षं हे उरणला मिठाच्या वखारीत कामाला होते. ती दोन वर्षं आता मला झोपू देईनात. पाटी रंगवणाऱ्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, नावाची अक्षरं चांगली मोठी काढ, असं मालकांनी मुद्दाम सांगितलंय. घरी परतेपर्यंत माझं ठरलं होतं. दुकानाच्या पूजेला मी यांच्या शेजारी बसणार नव्हते. ट्रंक भरायची आणि माहेरी जायचं, ते परत न येण्यासाठी.

पूजेच्या आदल्या सकाळी ट्रंक दाराशी आणून ठेवली आणि कागद घेऊन, चहा पीत बसलेल्या नवऱ्यासमोर उभी राहिले. सासूबाईंनाही कळू देत लेकाचे प्रताप, म्हणून ते बाईचं नाव मी मोठ्यानं, हाक मारावी तसं वाचलं.

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "ओ."

आवाज सासूबाईंचाच, पण मी कधी न ऐकलेला, एखाद्या पोरीचा. पाठोपाठ त्या पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, दाराकडे पाहिलं.

"दादा आलाय काय रं?" त्यांनी लेकाला विचारलं.

त्यांच्या दादाला जाऊन सहा वर्षं झाली होती. मिठागराकाठच्या गावातून त्या या घरात आल्या, त्या दिवशी सासऱ्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं त्यांचं नवं नाव लिहिलं. पुढे जुन्या नावानं हाक मारणारा तेवढा दादाच उरला. माझंही नाव तसंच ताटात बदललं होतं. तरी माझ्या डोक्यात उरणची कुणीतरी बया आली, सासू नाही आली.

"दादा नाय गं," हे हळूच म्हणाले. "तुझं नाव लिवलंय दुकानावर. आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

सासूबाई पदरानं उगाच हात पुसत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांची नजर दाराशी गेली.

"ही टरंक कशापायी काढलीस गं?"

"पूजेची भांडी न्यायचीत," मी म्हटलं.