भुवयांची खूण

धाकटीला आम्ही सगळेच मारायचो. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, पारोळ्याच्या अलीकडे. आई कापूस वेचायला जायची, नाना, म्हणजे माझे वडील, जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायला. मी तेव्हा आठवीत होते. शाळा सुटली की पाच वर्षांची बहीण माझ्या गळ्यात. हाक मारली तर यायची नाही, जाऊ नको म्हटलं तर नेमकी तिकडेच जायची. बोलणं नाही, नुसते हुंकार. आमच्याकडे पोरं उशिराच बोलतात, असं म्हणून आई मोकळी व्हायची.

पोरगी बहिरी असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण फरशीवर हंडा आपटला की ती दचकायची. पायांना हादरा बसतो म्हणून दचकते, हे आम्हांला कोण सांगणार? आम्ही तिला बेरकी समजलो. मी चापट्या मारायचे, चिमटे काढायचे. नाना कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काडीने फोडून काढायचे. "आयकू येत नही का तुले?" असं विचारत मारायचे आणि खरंच उत्तराची वाट बघायचे.

एकदा मार इतका झाला की तिने उभ्या उभ्या फ्रॉक ओला केला. मग मी एक युक्ती काढली. नाना हाक मारायला लागले की मी तिला दिसेन अशी उभी राहायचे आणि भुवया उंचवायचे. भुवया वर गेल्या की तिने "हां" करायचं. महिनाभरात ती तरबेज झाली. माझ्या भुवया तर आपोआप वर जायला लागल्या. पोरगी सुधरली, असं नाना शेजाऱ्यांना सांगू लागले, आणि मार कमी झाला. मला माझ्या हुशारीचा केवढा गर्व होता!

अंगणवाडीच्या ताई मात्र फसल्या नाहीत. त्यांनी तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवून पाहिल्या आणि तडक घरी आल्या. "भाऊ, पोरीला ऐकू येत नाही. दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढा. धुळ्याला अशा मुलांची राहायची शाळा आहे, सरकार सगळं बघतं. पण कागद जूनच्या आत हवा. एकच जागा उरलीय." ऑनलाइन अर्जही त्यांनीच भरला. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. आपण बहिऱ्या पोरीला मारत आलो, हे त्यांना कळलं होतं पण झेपत नव्हतं.

तपासणी जळगावला होती. काचेपलीकडच्या खोलीत धाकटी कानांवर यंत्र लावून बसली. समोर लाकडी ठोकळे आणि टोपली. आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा, असं तपासणाऱ्या साहेबांनी तिला हातवारे करून शिकवलं. नाना बाहेर थांबले. मला साहेबांच्या पाठीमागे उभं केलं, पोरगी घाबरू नये म्हणून. साहेब आवाज सोडायचे तेव्हा त्यांच्या समोरच्या यंत्रावर एक बारका दिवा लागायचा. दिवा लागला की माझ्या भुवया वर. ठोकळा टोपलीत. पुन्हा दिवा, पुन्हा ठोकळा. पोरगी किती छान करतेय, म्हणून मी खूश! माझ्या हातून काय होतंय याचा पत्ताच नाही.

"हिला ऐकू येतं," साहेब आम्हां दोघींना घेऊन बाहेर येत म्हणाले. "प्रमाणपत्रात बसणार नाही."

नानांनी तिचे केस धरले.

तिथे भिंतीवर दिव्यांगांना सन्मान द्या अशी मोठी पाटी होती. तिच्याच खाली त्यांनी तिला आपटलं. "बठ्ठं, सगळं आयकू येस तुले! नाटक करस?" लाथ बसली, ती नव्या रॅम्पवरून घरंगळत गेली आणि लोखंडी कठड्यावर तिचं कपाळ फुटलं. रांगेतला एक आंधळा म्हातारा उठून ओरडायला लागला, "कोण मारी ऱ्हायना? कोणले मारी ऱ्हायना?" एका माणसाने कुबडी आडवी घातली, नानांनी ती हिसकून फेकली. मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली. त्यांनी मला भिंतीवर भिरकावलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मी खूण केली नाना! भुवयांनी! ती मला बघून टाकत होती!"

नाना थांबले. धाकटी जमिनीवर बसून फ्रॉकने कपाळ पुसत होती, आमच्याकडे पाठ करून. नाना तिच्या मागे गेले, छाती भरून श्वास घेतला आणि तिचं नाव घेऊन असे किंचाळले की अख्खा दवाखाना वळून बघायला लागला. ती फ्रॉकवरचं रक्त बघत राहिली.

कपाळाला टाके घातल्यावर साहेबांनी पुन्हा तपासणी घेतली. ह्या वेळी तिला काचेकडे पाठ करून बसवलं आणि मला बाहेर काढलं. नाना आत उभे होते. टोपलीत एकही ठोकळा पडला नाही, असं नंतर त्यांनीच सांगितलं. ठोकळा हातात घेऊन ती शेवटपर्यंत वाट बघत होती म्हणे. मग डोक्याला तारा लावून, झोपवून आणखी एक तपासणी झाली. तिथेही तेच. कागद जून लागायच्या आधी हातात आला.

धुळ्याच्या शाळेतल्या बाईंनी तिला जवळ घेण्यासाठी हात उचलला, तर तिने दोन्ही कोपरांनी डोकं झाकलं. बाईंनी आमच्याकडे बघितलं.

"मी मारं, बाई," नाना म्हणाले. "बठ्ठं मीच."

बाई धाकटीसमोर उकिडव्या बसल्या, मारल्याची खूण केली आणि तळवे उलटे करून विचारलं, कोण? तिला समजेल असा प्रश्न त्याआधी कुणी विचारलाच नव्हता. ती जराही अडखळली नाही. तिने माझ्याकडे बोट केलं.

"नही, मीच," नाना म्हणत राहिले. ती बोट खाली घेईना.