प्रॉम्प्टरची मम्मी

“अगं, प्रॉम्प्टरच्या मम्मीसारखं म्हण ना. डब्याच्या सुट्टीत म्हणून दाखवतेस तसं.”

नाटकातली एक मुलगी दुसरीला सांगत होती, पडद्याच्या पलीकडे. अलीकडे नाटकाची वही घेऊन मी उभी होते. प्रॉम्प्टर मीच. गॅदरिंगला चार दिवस राहिले होते.

आमचं आठवीचं नाटक मराठीत होतं. इंग्रजी नाटक लावलं की पालक मोबाइल बघत बसतात, असं मिसचं म्हणणं. कुणाकडे बघून बोलायचं म्हटलं की माझा घसा बसायचा, म्हणून मिसनी मला वही दिली. पडद्याआड थांबायचं आणि कुणी अडकलं की पुढचा शब्द हळूच सांगायचा. हे काम मला फार आवडलं होतं.

नाटकात मोठ्या घरी काम मागायला येणारी एक गावाकडची बाई होती. ती भूमिका माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडे होती; पडद्यापलीकडची ती दुसरी म्हणजे हीच. एक वाक्य तिनं तालमीत आपल्या मनानं घातलं आणि मिसनी ते मला वहीत लिहून घ्यायला लावलं: “म्या मागं बी आल्ते, तुम्ही भेटल्याच न्हाई.” कपाळावर हात मारून, मान वाकडी करून ती ते म्हणायची. सगळे हसायचे. दोन आठवडे रोज मीही हसत होते.

‘प्रॉम्प्टरची मम्मी’ हे शब्द कानावर पडले आणि पडद्याआड ते वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

पालकसभेच्या दिवशी बाबा बियाणे कंपनीच्या कामानं बाहेरगावी होते, म्हणून आई आली होती. जुन्या जालन्यातून रिक्षानं, एकटी. मिसच्या टेबलासमोर ती म्हणाली होती, मी मागं बी आल्ते, तुम्ही भेटल्याच न्हाई. तिची मान सरळ होती. मी शेजारी उभी राहून भिंतीवरचं टाइमटेबल वाचत होते, जणू मी दुसऱ्याच कुणाबरोबर आले होते. रांगेत आमच्या मागे हीच मैत्रीण होती, तिच्या मम्मीबरोबर.

मैत्रिणीनं नक्कल केली, ते एक वेळ समजलं असतं. पण मी आईचं वाक्य स्वतःच्या हातानं लिहून घेतलं होतं आणि मला ते ओळखू आलं नव्हतं.

शनिवारी गॅदरिंगला आई येणार होती. मी पडद्यामागे असेन, दिसणार नाही, हे तिला सांगून झालं होतं. न्हाई दिसली तर न्हाई दिसली, नाटक तर बघायला मिळंल, असं म्हणून तिनं बदनापूरहून मावशीलाही बोलावून घेतलं होतं. सगळा हॉल हसला असता. आणि तिला ते वाक्य ओळखायला दोन आठवडे लागले नसते.

कार्यक्रम फक्त मुलांसाठी आहे असं घरी सांगायचं, हे मी ठरवूनही टाकलं. हळू आवाजात मला खोटं बोलता येतं.

तेवढ्यात तालीम पुन्हा सुरू झाली आणि मैत्रीण नेमकी तिथंच थांबली. “मिस, मला हसूच येऊन राह्यलं.”

मिस म्हणाल्या, प्रॉम्प्टर, दे तिला वाक्य.

पहिला शब्द सांगितला असता तरी पुरला असता. वहीत माझ्याच अक्षरात तो होता: म्या. आमचे आजोबा तसं बोलतात, म्या केलं, म्या सांगितलं. पण येण्याजाण्याला आमच्याकडे कुणी म्या म्हणत नाही. जास्त गावठी वाटावं म्हणून मैत्रिणीनं तो शब्द आईच्या वाक्याला वरून चिकटवला होता.

“झोपलीस का गं तिकडं?” मिसनी विचारलं.

मी पडदा बाजूला करून पुढे आले. मैत्रिणीनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कपाळावरचा हात खाली घेतला. शाळेत तोवर मी घरच्यासारखं एकदाही बोलले नव्हते.

“‘म्या आल्ते’ असं कुणी म्हणत न्हाई, मिस,” मी म्हणाले. “‘मी आल्ते’ म्हणत्यात. ते माझ्या आईचं वाक्य हाय, आणि शनिवारी ती पुढच्या रांगेत बसणार हाय.”