छळछावणीचं दालन

आमच्या शिरूरच्या कॉलेजात इतिहासाचं एक लहानसं संग्रहालय आहे. त्यातलं नाझी छळछावणीचं दालन मी उभं केलं, आणि चुकीचं उभं केलं. अजाणतेपणी झालं, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो. ते खरं नाही.

आधी मी फलक लिहिले होते. बर्लिनमधला एक ज्यू शिंपी, त्याचं दुकान, त्याचं लग्न. मग एकेक बंदी: बागेतल्या बाकावर बसायचं नाही, मुलांनी शाळेत यायचं नाही. छावणी अगदी शेवटच्या फलकावर होती. प्राचार्यांनी चाळून विचारलं, "हे वाचणार कोण, सर?" मलाही तीच धास्ती होती. आमच्याकडे माणसं थांबतात ती गणपतीतल्या सजीव देखाव्यापुढं. म्हणून मी दौंडचा एक देखावेवाला बोलावला. त्यानं काटेरी तार ओढली, धुराचं मशीन लावलं, गणवेशातला हुकूमशहाचा पुतळा उभा केला. माझे फलक कपाटात गेले.

"कैदी मात्र जिता पायजे," तो म्हणाला. "हाडं दिसली पायजेत."

मला आमचे शिपाईमामा आठवले. मांडवगणहून यायचे. नुकतेच टीबीतून उठले होते. त्यांची मुलगी आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती.

"सदरा काढायचा व्हय, सर?" मामांनी विचारलं.

"थोडा वेळच, मामा."

"बरं. तुम्ही म्हणताय तर."

उद्घाटनाला तोबा गर्दी झाली. मामा उघड्या अंगानं तारेमागं उभे होते. कुणी गंभीर होईल असं मला वाटलं होतं.

"मामा, जरा हिकडं बघा की. रील काढतोय."

"मेकपचा खर्च वाचला की रं कॉलेजचा."

पोरं हसली. मामाही कसनुसं हसले. त्यांनी हात छातीवर घेतले, तर देखावेवाल्यानं खाली करायला लावले. सगळ्यात जास्त फोटो निघाले ते पुतळ्याशेजारी, नाझी सलामीसारखा हात पुढं ताणून. मी दाराशी उभा होतो आणि गर्दी बघून खूश होतो.

मग मामांच्या मुलीचा वर्ग आला. तारेपलीकडं वडील दिसल्यावर ती मान खाली घालून बाहेर गेली. संध्याकाळपर्यंत ती रील त्यांच्या गावात पोचली. दुसऱ्या दिवसापासून तिनं कॉलेजला येणं सोडलं.

मी तार काढली, फलक कपाटातून काढून लावले. आता तिथं कुणी थांबत नाही. जे येतात ते विचारतात, "धूरवालं कुठं गेलं?" मेलेल्यांची आधी ओळख करून द्यावी, त्यांचं दुकान, त्यांचं घर दाखवावं, हे मला पहिल्यापासून कळत होतं. कळून काही झालं नाही. ज्या माणसाच्या हातचा चहा मी रोज प्यायलो, मुलगी सोडली तर त्याच्या घरात कोण कोण आहे हेही मला माहीत नव्हतं, आणि मी त्याची हाडं मांडली. अशा माणसानं लावलेल्या फलकांवरून कुणी काय शिकणार? मला वाटतं, काहीच नाही.

ऑफिसात मी मामांना सॉरी म्हणालो होतो. "असू द्या, सर," म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांची नोकरी कंत्राटी, दर वर्षी माझ्या शिफारशीवर चालायची.

शेवटी मांडवगणला गेलो. मुलगी अंगणात कांदा निवडत होती. मी तिला परत ये म्हणालो.

"आप्पांना टीबी झाला तवा तुमच्यातलं कुणी बघाय आलं न्हाई," ती म्हणाली. "मग एकदम सगळ्या तालुक्याला दाखवलंत. मी न्हाई येणार."

"अगं, सर हायेत," मामा म्हणाले आणि माझ्यासाठी खुर्ची आणायला उठले. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं, आणि तिच्या देखत म्हणालो, "मामा, तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच तुम्हाला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सदरा काढा म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी वाईट वागलो. तुम्ही दोघं मला माफ करा."