कुरडयांची बाज

मी आमच्या गावची आशाताई. ताडकळसपासून जवळच आमचं गाव. लसी, गोळ्या, बाळंतपणं माझ्याकडं होतीच, त्यात मनाच्या आजारांचं प्रशिक्षण झालं आणि मला कोण उत्साह चढला! लगेच समाजमंदिरात बायकांची बैठक घेतली. रीतीप्रमाणं सासवा पुढं बसल्या, सुना मागं डोक्यावर पदर घेऊन. घरातल्या मारहाणीबद्दल विचारलं तर सगळ्या एका सुरात, "आमच्यात तसलं काई न्हाई, ताई." चहा पिऊन गेल्या. असा संताप झाला माझा! अगदी पुढं बसलेल्या शेजारच्या मावशीच्या घरातला आरडाओरडा मला रोज भिंतीतून ऐकू यायचा.

मावशीचा मुलगा आणि सून ऊसतोडीवरून नुकतेच परतले होते. मुलगा पिऊन सुनेला मारायचा. त्यांची एवढीशी पोरगी बापाच्या मोटारसायकलचा आवाज आला की बाजेखाली शिरायची. ओढून काढली तरी तोंडातून शब्द नाही. मावशी म्हणायची, पोरीला बाहेरचं झालंय, अंगारा लावते.

आमच्याकडं उन्हाळ्यात कुरडया एकटीनं कुणी करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. गव्हाचा चीक शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून बाजेवर घालावा लागतो, मधूनच उठून जाता येत नाही. मावशीच्या अंगणात कुरडया होत्या त्या दिवशी मी मनात म्हटलं, आता बघते कुठं पळताल! प्रशिक्षणातलं पोस्टर-बिस्टर काही काढलं नाही. सगळ्यांचे हात कामात, नजरा खाली, सासू-सून एकाच पातेल्याशी. एवढंच सांगितलं, की आईला मार बसताना बघितला की लेकराच्या मनात भीती घर करून बसते. मग ते दचकतं, लपतं, मुकं होतं. "मावशे, अंगाऱ्यानं ही भीती जात न्हाई. मार थांबल्यावर जाती."

मावशीचा चीक घोटायचा हात थांबला. "ह्याचा बाप मला मारायचा," ती म्हणाली, "तवा माझा ल्योक बी ह्याच बाजेखाली जायचा."

सुनेनं मान वर करून सासूच्या तोंडाकडं बघितलं. पातेल्यातला चीक कुणी हलवेना. शेवटी मीच ओरडले, "अगं हलवा की, चीक खाली लागायलाय!"

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. पोरगी कुरडयांनी भरलेल्या बाजेखाली गेली. मावशी चिकानं भरलेले हात तसेच घेऊन मुलाच्या पुढं उभी राहिली. "खाली वाक. कोन बसलंय बघ. तू बी तिथंच बसायचास, ध्यानात हाय का?" तो वाकला, बघितलं, आणि आल्या पावली गेला.

लगेच सुधारला म्हणाल तर तसं काही झालं नाही. थोड्याच दिवसांनी त्यानं पुन्हा हात उचलला. मग मावशीनं स्वतः सुनेची पिशवी भरली. भाऊ न्यायला यायची वाट न बघता सासूच सुनेला आणि नातीला एसटीनं माहेरी घालून आली! गावानं नावं ठेवली. "ठिवू द्या," ती म्हणायची, "ह्याची दारू अन् हात थांबल्याबिगर मी पोरींना आनायची न्हाई." मी त्याला परभणीला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन जायचे. तो चिडायचा, मी त्याच्या वरचढ चिडायचे. पण गोळ्या घेतल्या त्यानं, डॉक्टरांपुढं बोलायला शिकला, रडलाही. लय महिने गेले. सून मग तिच्या मनानं परत आली.

यंदा मावशीकडं पुन्हा कुरडया. पोरगी वाटीत गरम चीक आणि गूळ घेऊन बाजेला टेकून खात होती. मोटारसायकल वाजली. आमचे सगळ्यांचे हात जागीच थांबले.

पोरगी उठली नाही. बाप आत आला तशी तिनं चमचा चाटला आणि वाटी पुढं केली. "बाबा, चीक पायजे का?"

मावशी रडायला लागली, मी तिच्याहून जास्त. चीक खाली लागला तो लागलाच. हलवा म्हणायचं या वेळी मलाही सुचलं नाही.