कमलबाईंचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट उमगलेलं नाही.

बरीच वर्षं मी नाटकात काम केलं. मग कामं आटली आणि मी माहितीपट लिहू लागले. नाटक का सोडलं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, आता खरं लिहावंसं वाटतं. लोकांना ते आवडायचं. मलाही. पण खरं म्हणजे — कुणी बोलवत नव्हतं.

चाकणच्या कारखान्यांत प्रेस मशीनवर बोटं गमावलेल्या बायकांवर आम्ही फिल्म करत होतो. कमलबाई त्यांतल्या एक. मूळच्या हिंगोलीकडच्या, महाळुंग्यात एका खोलीत राहायच्या. उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, तरी त्याच कंपनीत पॅकिंगला जायच्या. चहा घेता घेता त्यांनी मला सगळं सांगितलं — हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता, सुपरवायझरला ते माहीत होतं. मी रेकॉर्डर काढला, तशा गप्प झाल्या.

"हाताचं शूटिंग घ्या ताई. तोंड नको, आवाज बी नको. काम जाईन माझं."

मी हो म्हटलं.

आणि घरी येऊन, कपड्यांच्या कपाटात डोकं घालून — तिथे आवाज घुमत नाही — त्यांचं सगळं बोलणं मी माझ्या तोंडून रेकॉर्ड केलं. तोच हेल, तसंच मध्येच अडखळणं. दिग्दर्शकाला सांगितलं, बाई तयार झाल्या. त्याला कशाला शंका येईल?

फिल्म गाजली. तो तुकडा मोबाइलवरून फिरत कंपनीत पोचला. हात ओळखू आला. कमलबाईंना कामावरून काढलं.

एका दुपारी त्या निगडीला माझ्या दारात उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत.

"ती दुसरी कोणी बाई हाय, एवढं कंपनीतल्या साहेबाला सांगा ताई. मी बोललेच न्हाई म्हणते, तर कोणी ऐकंना. आमचे मालकसुद्धा म्हणतेत, तुझाच आवाज हाय, खोटं कशाला बोलतीस?"

तो आवाज त्यांचा नाही, हे खुद्द त्यांच्या नवऱ्यालाही ओळखू आलं नव्हतं. ते ऐकून — हेच सांगायला इतकी वर्षं जीभ रेटत नव्हती — मला आनंद झाला. क्षणभरच. पण झाला. रंगमंचावर एवढी मोठी दाद मला कधी मिळाली नव्हती.

"उद्याच फोन करते," मी म्हणाले. केला नाही. केला असता, तर तो आवाज कुणाचा हे सांगावं लागलं असतं. त्यांचे फोन आले, मी उचलले नाहीत. पुढे कळलं, खोली सोडून त्या गावी गेल्या.

फिल्म अजून दाखवतात. परवाच एका कॉलेजात दाखवली. मुली रडल्या. दिवे लागल्यावर मी पुढे गेले, माइक घेतला, आणि कमलबाईंच्या धाडसाबद्दल बोलले.