नळीचा दोष

माझ्या साडूंइतका माणसाच्या रक्तावर विश्वास ठेवणारा आणि त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणारा गृहस्थ मी दुसरा पाहिला नाही. ‘कसे आहात?’ असं ते कुणाला विचारतच नसत. ‘रक्त शेवटचं कधी तपासलं?’ असं विचारत. समोरचा ‘मी अगदी बरा आहे’ म्हणाला, की चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणत, ‘हे तुम्ही म्हणता. रक्त काय म्हणतं?’ नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या एका प्रयोगशाळेत हृदयरोग्यांचं रक्त तपासण्यात त्यांची सतरा वर्षं गेली. रक्तात शरीरातली सूज आणि प्राणवायूने पेशींवर चढणारा गंज यांच्या खुणा शोधायच्या, एवढंच आपलं काम, असं ते आम्हा अडाण्यांना सांगत. दोन्ही आतल्या आत चालू असतात आणि माणूस खुशाल वडे खात हिंडतो. हार्लेमला आमच्याकडे आले, की स्टेशनबाहेर पावसात गंजणाऱ्या सायकलींपाशी हळहळत उभे राहत. एकदा तर एका अनोळखी डच बाईंच्या सायकलच्या साखळीला त्यांनी खिशातल्या कुपीतून तेल घातलं आणि वर त्यांनाच विचारलं, ‘रक्त कधी तपासलं होतं?’ बाई घाईने निघून गेल्या. मला मात्र साडूंनी सोडलं नाही. दर रविवारी फोन करून करून शेवटी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, धाडलंच. रक्तात सूज निघाली, आणि तेव्हापासून मी रोज दोन गोळ्या घेतो.

रोग्यांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी रक्त लागतं. त्यांच्याकडे ते प्रयोगशाळेतली माणसंच देत. नळीवर नाव नसे, नुसता क्रमांक. गेल्या वर्षी अशा एका नळीत सूजही भरपूर निघाली आणि गंजही. शंका आली तर त्या माणसाला पंधरा दिवसांनी पुन्हा बोलवायचं, हा नियम साडूंनीच घातलेला. पण ‘निरोगी माणसाचं रक्त असं नसतं, नळी फ्रिजबाहेर राहिली असणार,’ असं म्हणून त्यांनी तो क्रमांक यादीतून खोडला. त्या रविवारी फोनवर ते नळी ठेवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होते.

मार्चमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते.

‘काल सहकाऱ्याकडून तो खोडलेला क्रमांक कुणाचा ते काढून घेतलं,’ ते म्हणाले. ‘माझाच होता.’

मी म्हणालो, ‘अहो, पण तुम्ही तर रोज सायकल चालवता.’

‘म्हणून तर नळीला दोष दिला.’

मग मी सगळे विचारतात तेच विचारलं. ‘आता कसे आहात?’

‘बरा आहे,’ साडू म्हणाले. ‘तुम्ही निघा. अंधार पडायच्या आत घरी पोचा.’

इतक्या वर्षांत ‘बरा आहे’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवून पाचची गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणीचा फोन आला.

परवा माझ्या रक्ताचा अहवाल आला. सूज उतरली आहे. हे ऐकून खरोखर आनंदले असते असे ते एकटेच होते, आणि त्यांना मी नुसतं ‘कसे आहात’ विचारून परत आलो होतो.