महागड्या वाइनचा घोट

लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात मी मुद्दाम महागडी वाइन मागवली. वेटरने चवीपुरती ओतली. मी ग्लास फिरवला, वास घेतला, एक घोट घेतला आणि जाणकारासारखी मान हलवली. खरं तर ती मला नुसतीच तुरट लागली होती.

शेजारच्या टेबलावर एका आजोबांपुढेही वेटरने तसाच ग्लास ठेवला. ते हसून म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही हो. हिला आवडली तर ठेवा." आजींनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि दोघंही खळखळून हसले.

माझी बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी एवढे पैसे कशाची चव घ्यायला मोजत होतो?

"कशी आहे गं?" मी उशिराच विचारलं.

"महाग आहे ना, चांगलीच असणार," ती म्हणाली आणि औषध घ्यावं तशी एका दमात प्यायली.